शेणानं धरलं की रिंगनं

आत्या, पेपरात तुला 'प्रेमळ व मनमिळाऊ' छापलंय. फोटो प्रशांतदादाच्या लग्नातला आहे. त्यात तू फोटोवाल्याकडे असं पाहते आहेस, जसं काही त्यानंच तुझ्या वावरात ढोरं सोडली. त्या फोटोखाली मनमिळाऊ हा शब्द वाचून मला हसू आलं आणि लगेच वाटलं, हे तुला वाचून दाखवायला पाहिजे होतं. तू म्हणाली असतीस, "छापणाऱ्याले पैसे देल्ले असन, मंग तो काय खरं छापते?"

मला असं लिहिता येतं की नाही, माहीत नाही. आपल्या घरात माणूस गेल्यावर लिहायची पद्धत नाही, रडायची आहे. ती बायांनी नीट पार पाडली. सगळ्यात मोठ्यानं रडली ती मूर्तिजापूरची तुझी जाऊ. पाणी भरायच्या एका पितळी गुंडावरून तू तिच्याशी बोलणं टाकलं होतंस आणि तिनं तुझ्याशी. दाराशी आल्याबरोबर तिनं गळा काढला आणि पाणी प्यायल्यावर पहिला प्रश्न विचारला, की घर आता कोणाच्या नावानं होईल. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. तू असतीस तर एका वाक्यात तिला परत गाडीत बसवलं असतंस. मला ते जमत नाही. तुझ्याजवळ राहून मला लोकांचा तिरस्कार छान करता आला, पण तोंडावर बोलता आलं नाही.

तेरवीला दादा बोलला. मंडप त्यानं पुण्यात राहून या अमरावतीच्या घरी बांधून घेतलेल्या स्विमिंग पूलच्या बाजूलाच टाकला होता. जेवून उठलेली माणसं काठाशी उभी राहून फोटो काढत होती, एकजण तर पाय सोडून बसला होता. दादा माइक घेऊन म्हणाला, "आईला या पूलची फार आवड होती. रोज संध्याकाळी ती काठावर बसायची."

बसायचीस. पाण्याकडे पाठ करून बसायचीस. दुपारभर तापलेल्या त्या फरशीवर तुझ्या कुरड्या आणि मिरच्या वाळायच्या आणि माकडं येऊ नयेत म्हणून तू काठी घेऊन राखण करायचीस. पुण्यावरून आणलेली ती निळी फरशी तुला एवढ्याच कामाची वाटली. पण दादाला हे कुठून कळणार? तो फोनवर विचारायचा, "आई, काय करते आहेस?" आणि तू म्हणायचीस, "तुह्या टाक्यापाशी बसली." तू त्याला कधी पूल म्हटलंच नाहीस. टाकंच म्हटलंस.

त्या टाक्यात पोहणारं कोणी नव्हतं. दादाची मुलं दोन उन्हाळे आली, पाण्यात आरडाओरड केली, मग त्यांना अमरावतीचं ऊन सहन होईना आणि ती येईनाशी झाली. पंप मात्र रोज सकाळ-संध्याकाळ चालायचा, कोणी न पोहलेलं पाणी गाळायचा आणि परत टाक्यात सोडायचा. तू म्हणायचीस, "एवढी मोटर संत्र्याच्या बगीच्यात चालली असती तं झाडं तरी दुवा देती." ते टाकं रिकामं करून त्यात मेथी लावायचं तुझ्या मनात होतं. दादा म्हणाला, पाणी काढलं तर फरशी उचकटते, घराची किंमत जाते, पाणी काढायचं नाही. त्याच्या घराला किंमत होती आणि तू त्या घराची राखणदार होतीस. मला त्याचा राग येतो. अजूनही येतो.

आणि मी तुझी राखणदार. नांदगाव खंडेश्वरजवळच्या आपल्या गावावरून मी कॉलेजसाठी अमरावतीत आले तेव्हा तुझ्या माहेरातलं कोणीच कॉलेजात गेलेलं नव्हतं. हॉस्टेलचं नाव काढल्यावर बाबांचं तोंड उतरलं, तेव्हा तूच म्हणालीस, पाठवून दे, मले फरशी पुसाले कोणीतरी पाहिजेच. मायेचा एक शब्द नाही. पहिल्याच दिवशी तू मला झाडू दाखवला, पोछा दाखवला आणि फिजिक्स घेऊन बीएस्सी करणार म्हटल्यावर विचारलंस, "त्यात भाकर भाजते काय?"

पण रोज संध्याकाळी, भाजी निवडताना, तू एक प्रश्न विचारायचीस. "आज काय शिकली?" मी काहीतरी सांगायचे. प्रकाश वाकतो म्हटलं तर तू म्हणायचीस, "वाकू दे, आपलं काय जाते." उष्णता वाहते म्हटलं तर, "हे तं चुलीपाशी बसणाऱ्या कोणत्याबी बाईले माईत हाय." एकाही उत्तरावर तू चांगलं म्हटलं नाहीस. तरी दुसऱ्या दिवशी परत विचारायचीस. आमच्या वर्गातल्या पोरींना घरी कोणी हे विचारत असेल, असं मला वाटत नाही. मला बाबांनीही कधी विचारलं नाही. त्यांना विचारायची भीती वाटते.

मग पंप जळाला.

दुपारी करपल्याचा वास आला आणि तू मला ओरडलीस की दूध पाहा. दूध नव्हतं, मोटर होती. हळूहळू पाणी हिरवं पडलं, मच्छर झाले, शेजारच्या काकूंनी आधी तुला आणि मग थेट दादाला सांगितलं. दादानं कंपनीचा माणूस पाठवला. पांढरे बूट, हातात टॅब. त्यानं लांबून पाहूनच सांगितलं की पंप, फिल्टर, पाइप, सगळंच बदलावं लागेल आणि माणसं नागपूरवरून सवडीनं येतील. तू त्याला पाणीसुद्धा विचारलं नाहीस. तो गेल्यावर म्हणालीस, "ज्याच्या जोड्याले चिखल लागला नाही, त्याले मोटरीतलं काय घंटा कळते."

त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. तू फोन स्पीकरवर ठेवायचीस, म्हणून मीही ऐकलं. तो शांतपणे बोलला. त्याचं शांत बोलणंच मला आवडत नाही. "आई, तुझ्याकडून आता हे घर सांभाळलं जात नाही. मी रविवारी येतो. पूलची व्यवस्था झाली नसेल तर तू माझ्याबरोबर पुण्याला चल. घर काढून टाकू." माझं नावही त्यानं घेतलं नाही, आणि घ्यायचं कारणही नव्हतं. तू पुण्याला गेली असतीस तर मी गावाला गेले असते. तिथून रोज कॉलेजला येणारी बस नाही, आणि आपल्या घरात वाट पाहत थांबलेल्या पोरीचं काय होतं, ते मला माहीत आहे.

तू फोन ठेवलास. मग म्हणालीस, "आठव्या माळ्यावर राह्यतात. खालून कोणी हाक मारली तं आयकू येत नाही. मी तिथं मरणार नाही." आणि लगेच, "पोरी, पान्हा काढ. खाटेखाली हाय."

मामाजींचा, म्हणजे तुझ्या नवऱ्याचा, नट खोलायचा पान्हा. ते वावरातली मोटर स्वतः बसवायचे आणि तू शेजारी उभी राहून त्यांना चुका सांगायचीस, असं तूच सांगितलंस. जळालेला पंप आपण दोघींनी उघडून काढला. खरं म्हणजे मी काढला, आणि तू मेन स्विचला पाठ लावून उभी राहिलीस, कोणी चुकून चालू करू नये म्हणून. घरात तिसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पंप पोत्यात घालून आपण अकोल्याला निघालो. अमरावतीत दुकानं नव्हती असं नाही. पण मामाजी मोटरीचं सामान अकोल्यातूनच आणायचे, म्हणून बाकी सगळे दुकानदार तुझ्या लेखी चोर. बसमध्ये कंडक्टरनं पोत्यात काय आहे विचारलं. तू म्हणालीस, "मयत हाय." तो पुढे गेला. पोतं माझ्या पायावर होतं आणि मला लाज वाटत होती आणि हसूही येत होतं.

अकोल्यात ऊन असं होतं की दुकानाच्या शटरला हात लावला तर चटका बसावा. दुकानदार मामाजींना ओळखणारा निघाला. त्यानं पंप वळवून पाहिला आणि विचारलं, "बाई, हा वावरातला नाही. कुठचा?" तू रिकाम्या पोत्याची घडी घालायला लागलीस. मीच म्हटलं, पोहायच्या टाक्याचा. तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. दुकानाच्या बाजूला प्लास्टिकच्या ड्रमांची रांग लागली होती, नळाला पाणी यायचा दिवस होता. "पोहता काय, बाई, या वयात?" तुझी मान खाली गेलेली मी तेवढी एकदाच पाहिली. "पोराचा शौक हाय," असं तू म्हणालीस, जसं कोणी पोराच्या दारूबद्दल सांगतं. मग मान वर करून त्याच्याशी भांडलीस, की एक हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे मोटर नव्हे, खेळणं आहे, पाच हॉर्सपॉवरची दे. त्यानं समजावलं की टाक्यातलं पाणी पाच हॉर्सपॉवर एका घोटात पिऊन टाकेल. तू म्हणालीस, "पिऊ दे. सुटलो." मी खेळणंच घ्यायला लावलं.

आता आपल्या भांडणाकडे येते.

नवा पंप जुन्यापेक्षा बुटका निघाला. त्याच्याखाली मी फरशीचा तुकडा ठेवला, पाइपाच्या तोंडाशी तोंड जुळवलं. तू सुतळी आणि सफेदा घेऊन आलीस, वावरात लोखंडी पाइपाला लावतात तसा. मी म्हटलं हे प्लास्टिकचे आटे आहेत, सुतळीनं चिरतील, मी पांढरी टेप आणली आहे. तू टेपकडे पाहिलंस आणि विचारलंस, "पाइपाले जखम झाली काय?" पण लावू दिलीस. वायरी मी जोडल्या. मला भीती वाटत होती. कॉलेजात आम्ही बॅटरीवर प्रयोग करतो, घरातल्या लाइनवर नाही. तू परत मेन स्विचला पाठ लावून उभी राहिलीस. तुझ्याकडून तेवढंही खूप होतं.

मोटर चालू केली. फिरली. पाणी येईना. पंपाच्या पुढच्या काचेच्या झाकणातून नुसते बुडबुडे दिसत होते. मी तुला सांगितलं की कुठून तरी हवा घुसते आहे. पंप पाणी ओढत नाही, आत पोकळी करतो, आणि बाहेरची हवा टाक्यातलं पाणी आत ढकलते. हवाच आत घुसली तर पोकळी होणार कशी? तू नीट ऐकलंस. मग म्हणालीस, "हवा ढकलते तं मोटर कायले आणली? हवेलेच सांगाचं होतं."

मी झाकण काढलं. त्याची रबरी रिंग जागेवर बसली नव्हती. मी ती पुसत होते, तर तू बादली घेऊन आलीस. "जा, सडकेवरून शेण आण."

मला आधी वाटलं तू चिडवते आहेस. मग समजलं. विहिरीवरची मोटर पाणी धरत नसली की तिच्यात शेणाचा काला ओततात, शेण फटीत बसतं आणि हवा बंद होते. हे मीही गावात पाहिलं आहे. पण आत्या, ही पूलची मोटर होती. तिचं सगळं काम पाणी साफ करायचं. मी हे तुला दोनदा सांगितलं. तू म्हणालीस, "तू सांगतलं, हवा बंद करा लागते. मीबी थेच सांगून राहिली. तुह्या पुस्तकात शेण नाही, म्हणून खोटं काय?"

रविवार उद्यावर आला होता. मी गेले. फिजिक्सच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मी, त्या बंगल्यांच्या कॉलनीत बादली घेऊन गाईच्या मागे फिरत होते. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या आणि त्यांनी विचारलं की सारवायचं आहे का कुठे. मी हो म्हटलं.

परत आल्यावर मी रिंगला व्हॅसलीन लावून ती नीट बसवली. त्याआधी झाकणातून तू काला ओतला होतास. दोन्ही एकाच खेपेत झालं. मोटर चालू केली, थोडी गुरगुरली, आणि तिनं पाणी धरलं. आवाज जड झाला. तो जड आवाज ऐकला आणि मला एकदम रडू आलं, कारण आता मला गावाला जावं लागणार नव्हतं. तू माझ्याकडे पाहत नव्हतीस. तू टाक्याकडे पाहत होतीस. दादाच्या निळ्या टाक्यात कोपऱ्यातून शेणाचं पिवळं-हिरवं पाणी पंख्यासारखं पसरत चाललं होतं, आणि तू हसत होतीस. पदर तोंडात धरून, खांदे हलवत. तुला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"पाह्यलं?" तू म्हणालीस. "शेणानं धरलं."

"रिंगनं," मी म्हटलं.

रात्रभर फिल्टर चालला, मी पावडर टाकली, आणि सकाळी पाणी पाहण्यासारखं झालं. दादा आला. त्यानं काठावरून फिरून पाहिलं आणि मला विचारलं की कंपनी येऊन गेली का. तूच म्हणालीस, हाव. मग तो कपडे काढून पाण्यात उतरला, बुडी मारली, तोंडात पाणी घेऊन कारंज्यासारखं उडवलं आणि म्हणाला, "एकदम फ्रेश आहे." पुण्याचं नाव त्यानं काढलं नाही. तू माझ्या कानाशी लागलीस. "आपण शेणानं घर सारवतो. याले आपण आतून सारवलं." मी भांडी घासायचं निमित्त करून आत पळाले.

त्यानंतर लाइन गेली की मोटर धरलेलं पाणी सोडायची, आणि प्रत्येक वेळी चालू करायला तूच जायचीस. मला जाऊ द्यायची नाहीस. पंपाशेजारी वनस्पती तुपाच्या जुन्या डब्यात तू शेण ठेवलं होतंस. चिमूटभर, पण टाकायचीसच. मी म्हणायचे एकदा नुसत्या पाण्यानं करून पाहू, म्हणजे कळेल. तू म्हणायचीस, "चालत्या मोटरीची परीक्षा घेणारी तू कोण? तुह्या कॉलेजची परीक्षा पास हो पयले." म्हणून ते कधी कळलंच नाही.

तू तुझ्या घरात, तुझ्या खाटेवर गेलीस. तापात दादा म्हणाला पुण्याला मोठं हॉस्पिटल आहे, आणि तू भिंतीकडे तोंड केलंस. शेवटी शेवटी तुला माणसं ओळखू येत नव्हती. पण संध्याकाळी मी जवळ बसले की ओठ हलायचे. आज काय शिकली, असंच असेल. मला नक्की सांगता येत नाही. मी आपली सांगत राहिले, कॉलेजला न जाताही. तुला एकदा सांगायचं होतं की मला इथे ठेवून घेतलंस, त्याचं मला काय वाटतं. पण ते ऐकून तू काय म्हणाली असतीस हे मला माहीत होतं, म्हणून मी त्याऐवजी तुला ध्वनीचा वेग सांगितला.

दादानं घर विकायला काढलं आहे. घेणाऱ्याला पूल नको आहे, तो बुजवून तिथे गाड्या लावणार आहे. ज्या टाक्याच्या किमतीसाठी तुला मेथी लावू दिली नाही, त्याची ही किंमत. घर विकलं जाईपर्यंत पाणी साफ ठेव, एवढं दादानं मला सांगितलं. पुढची माझी सोय त्यानं विचारली नाही. ती मीच केली आहे. वर्गातल्या एका मुलीबरोबर खोली घेतली आहे, आणि बीएस्सीचं शेवटचं वर्ष मी पूर्ण करणार आहे. तेरवीच्या दिवशी दादाला पंपाजवळ तो डबा दिसला. त्यानं नाक मुरडून विचारलं, हे काय? मी म्हटलं, औषध. त्यानं मान हलवली. त्याला खरंच वाटलं.

आज लाइन गेली होती. आली तेव्हा मोटर नुसती गुरगुरत होती. डब्यातलं शेण वाळून दगड झालं होतं. मी झाकण उघडलं, तांब्यानं नुसतं पाणी भरलं, रिंग पुसली, झाकण बसवलं आणि बटण दाबलं.

पहिल्याच वेळी धरलं, आत्या. नुसत्या पाण्यानं.

मी तिथेच उभी राहिले. आज काय शिकले, ते सांगायला एवढं चांगलं काही माझ्याकडे पहिल्यांदाच होतं. आणि लगेच मला तुझं उत्तर ऐकू आलं, पदर सावरत, माझ्याकडे न पाहता दिलेलं. "धरनच. आतून माह्या शेणाचा थर बसला हाय, म्हणून धरलं."

मोटर खोलून पाहिल्याशिवाय हे मिटणार नाही, आणि ती मी खोलणार नाही. पान्हा मात्र खाटेखालून काढून माझ्या बॅगेत ठेवला आहे. दादाला विचारलं नाही. तो मला कशासाठी पाहिजे, हे त्याला कळलं नसतं.